पक्क्या घराला एक दर, झोपडीला दुसरा

इंटरनेटच्या दराचा प्रश्न हा सुखवस्तू लोकांच्या करमणुकीचा प्रश्न आहे, आमच्या हक्कांच्या लढ्याशी त्याचा काय संबंध, असे विचारणारे बंधू आमच्यात आजही आढळतात. त्यांचा हा समज जुना झाला आहे. आज मुलाला शिष्यवृत्ती हवी असेल तर अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरावा लागतो. जात पडताळणीचा अर्ज इंटरनेटवरून करावा लागतो. वैद्यकीय, अभियांत्रिकी वा अन्य प्रवेश परीक्षांची नोंदणी तेथेच होते. २०२५ सालापासून अकरावीचा प्रवेशही साऱ्या महाराष्ट्रात त्याच मार्गाने होऊ लागला. ज्या सवलती घटनेने आम्हांस दिल्या, त्यांच्या दारावर आता पहारेकरी म्हणून इंटरनेट उभे आहे. त्या दारातून आत जाण्यास कोणाला किती पैसे पडतात, हा प्रश्न म्हणूनच करमणुकीचा उरलेला नाही. तो हक्काचा झाला आहे.

या दाराची फी सर्वांना सारखी नाही, हे आम्ही वाचकांच्या नजरेस आणू इच्छितो. इंटरनेट आपल्या देशात मुख्यतः दोन रीतींनी विकले जाते. एक रीत घराची. भिंतीपर्यंत तार येते, घरात एक यंत्र बसते, महिन्याकाठी एक ठरीव रक्कम भरली की घरातील सर्व माणसांनी ते हवे तेवढे वापरावे. येथे दर ठरतो तो वेगावर. दुसरी रीत हातातल्या मोबाईलची. येथे माल मोजून मिळतो. रोज दीड जीबी, रोज दोन जीबी, आणि तोही अठ्ठावीस दिवसांपुरता. येथे दर ठरतो तो मापावर आणि मुदतीवर, आणि जो तो आपापल्या नावाने वेगळे पैसे भरतो.

मुंबईच्या वस्त्यांत राहिलेल्या माणसाला हा प्रकार समजावून सांगण्याची गरज नाही. इमारतीत नळ असतो, त्याचे बिल महिन्याचे येते, आणि एका हंड्याला काय पडले याचा विचार घरधनीण कधी करीत नाही. पलीकडच्या वस्तीत नळ नसतो. तेथे पाणी टँकरवाल्याकडून वा शेजारच्या जोडणीतून हंड्याच्या हिशेबाने विकत घ्यावे लागते, आणि हंड्यामागे पडणारा पैसा इमारतीतल्या माणसाच्या कितीतरी पट असतो. कमाई कमी त्याला पाणी महाग, कमाई अधिक त्याला पाणी स्वस्त, असा हा उलटा न्याय आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो. इंटरनेटच्या बाबतीत तोच न्याय नव्या वेषात आमच्यापुढे उभा राहिला आहे.

दरांचा हिशेब

आम्ही हे रागाच्या भरात लिहीत नाही. आकडे समोर ठेवू, आणि ते कंपन्यांना अन्याय होणार नाही अशा रीतीने मांडू.

जिओ कंपनीची रोज दीड जीबी देणारी अठ्ठावीस दिवसांची मोबाईल योजना जुलै २०२४ च्या दरवाढीत २३९ रुपयांवरून २९९ रुपयांवर गेली. दीड जीबीप्रमाणे अठ्ठावीस दिवसांचे ४२ जीबी होतात. म्हणजे एका जीबीला सुमारे सात रुपये पडले. याच कंपनीने ऑगस्ट २०२० मध्ये घरच्या तारेच्या ज्या योजना जाहीर केल्या, त्यांतील सर्वांत स्वस्त योजना महिना ३९९ रुपयांची होती. तीवर १८ टक्के कर धरला की सुमारे ४७१ रुपये होतात. तीत वापराची मर्यादा महिन्याला ३३०० जीबी. मर्यादेपर्यंत वापर केल्यास एका जीबीला सुमारे चौदा पैसे पडतात. सात रुपये कोठे आणि चौदा पैसे कोठे!

यावर कोणी म्हणेल की, मोबाईलच्या २९९ रुपयांत बोलण्याचीही सोय असते, आणि कोणतेही कुटुंब ३३०० जीबी वापरीत नाही. दोन्ही आक्षेप रास्त आहेत. तर मग हिशेब पुन्हा करू. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना आज्ञा केली की, ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी केवळ बोलण्याच्या आणि संदेशांच्या वेगळ्या योजना काढा. त्यानुसार जानेवारी २०२५ मध्ये जिओने ८४ दिवसांसाठी ४४८ रुपयांची योजना आणली. अठ्ठावीस दिवसांस तिचे सुमारे १५० रुपये पडतात. हे २९९ मधून वजा केले तर उरलेले १५० रुपये ४२ जीबीचे झाले. जीबीमागे साडेतीन रुपयांहून थोडे अधिक. आता घराकडे वळू. चार माणसांच्या कुटुंबाने महिन्याला ३०० जीबी वापरले असे धरले, तर ४७१ रुपयांच्या हिशेबाने जीबीमागे दीड रुपयाच्या आसपास पडतात. कंपन्यांच्या बाजूने सारे माप टाकूनही मोबाईलवाला दुपटीहून अधिक भरतो.

आता ज्याच्याकडे अठ्ठावीस दिवसांचे पैसेही एकदम नसतात त्याचे पाहा. दिवसाचा वाटा संपला की वेग इतका खाली येतो की शिष्यवृत्तीच्या अर्जाला कागदपत्र जोडणे दूरच, पान उघडणेही मुष्किलीचे होते. अशा वेळी घ्यावयाची एक जीबीची छोटी पुडी जुलै २०२४ च्या दरवाढीत पंधरा रुपयांवरून एकोणीस रुपयांवर नेण्यात आली. एका जीबीला एकोणीस रुपये! किराणा दुकानात पोतेभर धान्य घेणाऱ्याला एक भाव आणि पावशेर घेणाऱ्याला दुसरा भाव हे आम्ही जाणतो. पण एक भाव दुसऱ्याच्या दसपटीहून अधिक असेल, तर त्याला घाऊक-किरकोळीतला साधा फरक म्हणता यावयाचे नाही.

दरवाढीचा इतिहासही बोलका आहे. वर सांगितलेली मोबाईल योजना डिसेंबर २०१९ मध्ये १९९ रुपयांची होती. डिसेंबर २०२१ मध्ये ती २३९ झाली, जुलै २०२४ मध्ये २९९ झाली. पाच वर्षे पुरी होण्याच्या आत दीडपट. पण त्या जुलैत घरच्या ३९९ रुपयांच्या योजनेला हात लावण्यात आला नाही. घरच्या तारेच्या धंद्यात अजून गिऱ्हाईक मिळवावयाचे होते. मोबाईलवरचे गिऱ्हाईक मात्र कोठे जाणार नव्हते. जो सोडून जाऊ शकत नाही त्याच्यावर भार टाकावयाचा, ही रीत आमच्या समाजाला नवी नाही.

महिन्याचे दिवस अठ्ठावीस

घरच्या जोडणीचा महिना हा महिन्याच्या हिशेबाने चालतो. मोबाईलचा महिना अठ्ठावीस दिवसांचा. परिणामी मोबाईलवाला वर्षाला बारा नव्हे, तेरा वेळा पैसे भरतो. याविरुद्ध तक्रारी झाल्यावर ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढून प्रत्येक कंपनीस तीस दिवसांची आणि दर महिन्याच्या ठरावीक तारखेस नवी होणारी, अशी निदान एकेक योजना ठेवण्यास भाग पाडले. चांगली गोष्ट झाली. परंतु ‘निदान एक’ या शब्दांत सारी मेख आहे. एक योजना कोपऱ्यात ठेवली की कायदा पाळला गेला. आणि दुकानाच्या पाटीवर अठ्ठावीसचाच महिना राहिला.

चार माणसांच्या घरात चौघांनी २९९ रुपयांचा भरणा केला तर वर्षाचे १५,५४८ रुपये होतात. २०२४-२५ या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे एका माणसाच्या एका भरण्याला एका दिवसाची मजुरी पुरत नव्हती, आणि चौघांच्या वर्षाच्या भरण्याला बावन्न दिवसांहून अधिक मजुरी लागत होती. ज्या कायद्याने कुटुंबाला वर्षातून शंभर दिवसांच्या कामाची हमी दिली होती, त्या शंभरांतले अर्धे दिवस फोनच्या नावे जमा! घरात एकच फोन ठेवून चौघांनी तो वापरावा, असा यावर उपाय लोकांनी स्वतःच काढला आहे. पण मग तो फोन कामावर जाणाऱ्या बापाच्या खिशात जातो, आणि परीक्षेचा अर्ज भरावयाची मुलगी रात्री तो परत येईपर्यंत बसून राहते. कोणाच्या वाट्याला काय येते हे येथे पुन्हा स्त्रीच्या बाजूने पाहावे लागते.

भेदाला कारण आहे काय?

कंपन्यांचे म्हणणे ऐकून न घेता निवाडा देणे योग्य होणार नाही. ते म्हणतात, तार एकदा पुरली की तिच्यातून थोडे अधिक वा थोडे कमी गेले तरी खर्चात फारसा फरक पडत नाही. याउलट हवेतल्या लहरी मर्यादित आहेत. एका मनोऱ्याच्या टापूतील सर्व माणसे त्याच लहरी वाटून घेतात. एकाने अधिक ओढल्यास दुसऱ्याला कमी मिळते. या लहरी सरकारकडून लिलावात विकत घ्याव्या लागतात. २०२२ च्या लिलावात कंपन्यांनी सुमारे दीड लाख कोटी रुपयांची बोली केली. म्हणून हवेतून जाणारे माप महाग आणि तारेतून जाणारे स्वस्त, हे त्यांना स्वाभाविक वाटते.

या म्हणण्यात तथ्य आहे, हे आम्ही मान्य करतो. आमचा आक्षेप फरक आहे यावर नाही. तो किती आहे, आणि कोणावर पडतो, यावर आहे. फरकाचे सारे ओझे लहरींच्या टंचाईवर टाकता येत नाही, याचा पुरावा कंपन्यांनी स्वतःच दिला. सप्टेंबर २०२३ मध्ये जिओने एअरफायबर नावाची सेवा काढली. तीत घरापर्यंत तार येत नाही. मनोऱ्यावरून निघालेल्या लहरी गच्चीवर वा खिडकीबाहेर बसविलेले यंत्र पकडते आणि घरात पोहोचविते. तिची सुरुवातीची योजना महिना ५९९ रुपये आणि कर, म्हणजे सुमारे ७०७ रुपयांची होती. आणि वापराची मर्यादा होती १००० जीबी. मर्यादेपर्यंतच्या वापरास जीबीमागे एकाहत्तर पैसे. येथे तार नाही. माल हवेतूनच येतो. मग हवेतून येणाऱ्या मालाला गच्ची असलेल्याकडून एकाहत्तर पैसे आणि खिशात फोन असलेल्याकडून साडेतीन ते सात रुपये का?

यालाही उत्तर मिळेल. एका जागी स्थिर असलेले यंत्र लहरी चांगल्या पकडते, मनोऱ्याची शिल्लक ताकद तेथे वापरता येते, फिरत्या माणसाला मात्र सर्वत्र सेवा द्यावी लागते. ठीक. यातून थोडाफार फरक समर्थनीय ठरेल. पाचपट-दहापट फरक केवळ यातून निघत नाही. तो निघतो गिऱ्हाइकाच्या स्थितीतून. एकाला निवड करता येते, दुसऱ्याला येत नाही. घरच्या जोडणीला काय लागते ते पाहा: भिंत लागते, वीज लागते, पत्त्याचा कागद लागतो, भाड्याची खोली असेल तर मालकाची परवानगी लागते, आणि पुष्कळदा काही महिन्यांचे पैसे आगाऊ भरावे लागतात. बीडहून सहा महिन्यांसाठी ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाने तार कोणत्या कोपीला जोडून घ्यावी? पुण्यात एका खोलीत सहाजण मिळून राहणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी कोणाच्या नावाने अर्ज करावा? ज्या वस्तीला महानगरपालिका अधिकृत मानावयास तयार नाही, तेथे कोणत्या पत्त्यावर जोडणी घ्यावी? यांना मोबाईल आवडतो म्हणून ते मोबाईल वापरतात, असे नव्हे. त्यांच्यापुढे दुसरे दार उघडे नाही.

आणि हे थोड्या लोकांचे नाही. ट्रायच्या आकड्यांप्रमाणे मार्च २०२४ अखेर देशात इंटरनेटच्या सुमारे ९५ कोटी जोडण्या होत्या. त्यांपैकी तारेच्या होत्या सुमारे ४ कोटी. शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक जोडण्या बिनतारी! एका घरच्या जोडणीमागे अनेक माणसे असतात हे ध्यानात घेऊनही, स्वस्त माप थोड्यांच्या घरात जाते आणि महाग माप बहुसंख्यांच्या पदरी पडते, हा निष्कर्ष टळत नाही.

मोबाईलवाल्यांतही दोन वर्ग पडले आहेत. जुलै २०२४ पासून जिओने फाइव्ह-जीवरील अमर्याद वापराची सवलत रोज दोन जीबी वा त्याहून मोठ्या योजना घेणाऱ्यांपुरती ठेवली. अठ्ठावीस दिवसांची अशी योजना ३४९ रुपयांची होती. २९९ आणि ३४९ यांत पन्नास रुपयांचेच अंतर. पण त्या सवलतीला फाइव्ह-जीचा फोन लागतो. ज्याच्याजवळ तो नवा फोन आहे त्याने पन्नास रुपये अधिक दिले की मापाची कटकट संपली. ज्याच्याजवळ जुना फोन आहे त्याने पन्नास रुपये अधिक देऊनही रोजचे माप मोजतच बसावे.

लहरी कोणाच्या?

व्यापाऱ्याने आपल्या मालाचा भाव कसा ठेवावा हा त्याचा प्रश्न, असे म्हणून हा विषय झटकून टाकणारे पुष्कळ आहेत. परंतु हा माल सर्वस्वी व्यापाऱ्याचा नाही. हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितले. २०१२ साली टू-जी प्रकरणात १२२ परवाने रद्द करताना याच न्यायालयाने, ही नैसर्गिक संपत्ती जनतेची असून सरकार तिचे विश्वस्त आहे, हा सिद्धांत पुन्हा मांडला. आणि समाजाच्या भौतिक साधनांचे वाटप सर्वांच्या हिताला पोषक होईल असे असावे, हे घटनेच्या ३९ व्या कलमात लिहिलेले आहे. जी वस्तू सर्वांची, तिचा भाव ठरविताना गरिबाचा विचार झाला पाहिजे, ही मागणी म्हणून भीक नव्हे.

इंटरनेट हे हक्काचे साधन आहे, हेही न्यायालयांनी आता मानले आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीच्या अर्जावर निर्णय देताना इंटरनेटचा वापर हा शिक्षणाच्या आणि खासगी आयुष्याच्या हक्काचा भाग मानला. तो खटला वसतिगृहातील मुलीच्या मोबाईलविषयी होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंटरनेटवरून विचार मांडण्याच्या आणि व्यवसाय करण्याच्या स्वातंत्र्याला घटनेचे संरक्षण असल्याचे सांगितले. एप्रिल २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हे २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काशी जोडले. हक्क मान्य झाला. पण ज्या हक्काचा दरवाजा एकोणीस रुपयांच्या पुडीने उघडतो, त्याचा उपभोग रोजंदारीवाल्याने कसा घ्यावा, हे कोणत्याही निकालपत्रात लिहिलेले नाही.

ट्रायने फेब्रुवारी २०१६ मध्ये एक चांगला नियम केला: काय पाहिले यावरून इंटरनेटच्या दरात भेद करता येणार नाही. काही ठरावीक संकेतस्थळे गरिबांना फुकट दाखवावयाची आणि बाकीच्या जगाला कुंपण घालावयाचे, हा बेत त्यामुळे बारगळला. गरिबाला तुकड्यांचे इंटरनेट नको, पुरते हवे, हे तत्त्व तेव्हा मान्य झाले. पण कोठे बसून पाहिले, घरात की रस्त्यावर, यावरून होणाऱ्या भेदाकडे त्या नियमाची दृष्टी गेली नाही. ते दर कंपन्यांनीच ठरवावेत, असे धोरण राहिले.

मदतीचा ओघही पक्क्या घराकडेच वळतो. डिसेंबर २०१६ मध्ये ट्रायने ग्रामीण मोबाईल ग्राहकाला महिन्याला १०० एमबी फुकट द्यावे, अशी शिफारस केली. ऑगस्ट २०२१ मध्ये त्याच ट्रायने, खेड्यात घरची तार घेणाऱ्याला मासिक खर्चाचा निम्मा भाग, महिना २०० रुपयांपर्यंत, परत द्यावा आणि त्याचा प्रथम प्रयोग करून पाहावा, अशी शिफारस केली. या शिफारशींचे पुढे काय झाले हा प्रश्न बाजूला ठेवू. त्यांच्यातील प्रमाण तेवढे पाहा. मोबाईलवाल्याला १०० एमबी, म्हणजे एका जीबीचा दहावा हिस्सा. आणि तारवाल्याला २०० रुपये! एकाचे दान चिमटीने मोजलेले, दुसऱ्याचे ओंजळीने.

आमच्या मागण्या

टीका करून थांबणे आमच्या पद्धतीत बसत नाही. सबब आम्ही पुढील मागण्या करतो.

एक : प्रत्येक योजनेच्या जाहिरातीत करासह मासिक खर्च आणि एका जीबीचा भाव मराठीत, ठळक अक्षरांत छापण्याची सक्ती असावी. आज मोबाईलचा भाव करासह आणि घरचा भाव कर सोडून सांगितला जातो. सामान्य माणसाला तुलना करता येत नाही, आणि तुलना न करता येणे हे ज्याच्या फायद्याचे तो ती सोपी का करील?

दोन : मोबाईलचा महिना सर्वच मासिक योजनांत महिन्याचाच असावा, आणि दिवसाचे उरलेले माप मध्यरात्री बुडू नये. ज्याचे पैसे घेतले तो माल त्याचा आहे.

तीन : छोट्या पुडीचा भाव मासिक योजनेतील भावाच्या दुपटीहून अधिक नसावा. ही मागणी अवाजवी नाही. सार्वजनिक वाय-फाय केंद्रांकडून कंपन्या घरच्या दराच्या कितीतरी पट पैसे घेत होत्या, तेव्हा जून २०२५ मध्ये ट्रायनेच हस्तक्षेप केला, आणि २०० एमबीपीएसपर्यंतच्या जोडण्यांना त्या केंद्रांकडून घरच्या दराच्या दुपटीहून अधिक घेता येणार नाही, असे ठरविले. दुकानदारासाठी जी मर्यादा योग्य, ती मजुरासाठी अयोग्य कशी?

चार : सरकारी मदत भिंतीला न देता माणसाला द्यावी. शिष्यवृत्ती आणि स्वाधारसारख्या योजनांच्या रकमेत विद्यार्थ्याच्या इंटरनेटचा खर्च स्वतंत्रपणे धरला जावा, मग तो वसतिगृहात राहो, भाड्याच्या खोलीत राहो वा ऊसतोडीच्या अड्ड्यावर. ज्या सरकारने अर्जाचा कागद बंद केला, त्याने अर्जाच्या नव्या वाटेचा खर्च उचलला पाहिजे.

आमचे स्वतःचे काम

सरकार आणि कंपन्या आपले काम करतील तेव्हा करतील. तोवर हात जोडून बसणे आमच्या समाजाला शोभणारे नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये पीएम-वाणी या योजनेस मंजुरी दिली. तीनुसार चहाचा टपरीवाला, किराणा दुकानदार वा एखादी संस्थाही परवान्याच्या फीशिवाय सार्वजनिक वाय-फाय केंद्र चालवू शकते. मात्र त्यासाठी नोंदणीकृत अशा एखाद्या समूहचालकाशी जोडून घ्यावे लागते. घरची जोडणी घेऊन ती शेजाऱ्यांना परस्पर विकणे कंपनीच्या अटींविरुद्ध जाते. हा मार्ग मात्र सरळ आणि कायदेशीर आहे.

हिशेब करून पाहू. १०० एमबीपीएसच्या ज्या घरच्या योजनेची किंमत ऑगस्ट २०२० मध्ये ६९९ रुपये जाहीर झाली होती, तिचे करासह सुमारे ८२५ रुपये होतात. दुपटीची मर्यादा धरली तरी केंद्राला महिना १६५० रुपयांहून अधिक पडू नयेत. पन्नास विद्यार्थ्यांनी हा भार वाटून घेतला तर प्रत्येकी महिना तेहतीस रुपये. यंत्राचा खर्च निराळा, पण तो एकदाच. पन्नासही जण एकाच वेळी बसले तरी प्रत्येकाच्या वाट्याला दोन एमबीपीएस येतात, आणि तेवढ्यात अर्ज भरता येतो, व्याख्यान ऐकता येते, जुने प्रश्नपत्रिकासंच उतरवून घेता येतात. हा मोबाईलला पर्याय नाही. पण घरी तार नसलेल्या मुलाला घरच्या भावाचे इंटरनेट देणारा, आज हाती असलेला उपाय आहे.

आमच्या वस्त्यांत अशी जागा नाही काय? जेथे आठवड्यातून एकदा वंदनेला माणसे जमतात आणि एरवी कुलूप असते अशी विहारे आहेत. समाजमंदिरे आहेत, अभ्यासिका आहेत, वाचनालये आहेत. जयंतीच्या मिरवणुकीसाठी आम्ही वर्गणी गोळा करतो, ती अभिमानाने देतो. त्याच वर्गणीच्या वहीत एक पान या कामासाठी उघडणे अवघड नाही. विशेषतः महिला मंडळांनी हे काम हाती घ्यावे. कारण घरातला एकमेव फोन ज्यांच्या वाट्याला शेवटी येतो, त्या मुलींना बसावयास सुरक्षित जागा हवी, हे त्यांच्याइतके कोण जाणणार?

त्याबरोबरच प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीचा एक हिशेब तयार करावा: किती घरांत तार आहे, किती घरांत केवळ मोबाईल आहे, महिन्याला किती रुपये जातात, आणि अर्जाच्या शेवटच्या दिवशी माप संपल्यामुळे किती मुले मागे राहिली. हा हिशेब ट्रायकडे, समाजकल्याण खात्याकडे आणि आपल्या आमदाराकडे लेखी पाठवावा. ट्राय दरांविषयी निर्णय घेण्यापूर्वी लोकांची मते मागविते. तेथे कंपन्यांचे वकील हजर असतात. आमच्या वस्त्यांची बाजू मांडणारे टिपण त्या कागदपत्रांत शोधूनही सापडणे कठीण. पुढच्या वेळी ती जागा रिकामी राहू नये. शिष्यवृत्तीच्या अर्जांची मुदत दर वर्षी येते. पुढची मुदत येण्यापूर्वी निदान आपल्या वस्तीचा हिशेब कागदावर उतरलेला असावा, एवढे काम प्रत्येक शाखेने अंगावर घ्यावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.